पाठीवरचं ओझं

संत एकनाथांची ती गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. काशीहून गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वराकडे निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत पडलं होतं. बरोबरचे यात्रेकरू हळहळले आणि पुढे गेले. नाथांनी मात्र कावड खाली ठेवली आणि देवासाठी आणलेलं पाणी त्या गाढवाच्या तोंडात ओतलं.

गोष्ट आपल्याला पाठ असते. पण वर्गात कुणाचं उत्तर चुकलं, की आपल्या तोंडी पहिला शब्द कोणता येतो? "गाढवा!" घोड्याचं नशीब जरा बरं. त्याचे पुतळे उभारतात, राणा प्रतापांच्या चेतकचं नाव आपण अभिमानानं घेतो. पण तोच घोडा म्हातारा झाला, लंगडू लागला, की मग घोडा काय आणि गाढव काय, दोघांची गत एकच!

अशा जनावरांसाठी आयुष्य वाहणारी माणसंही जगात आहेत बरं का! त्यांनी दवाखाने काढले, संस्था उभारल्या. आज त्यांचीच ओळख करून घेऊ या. गोष्ट सुरू होते इजिप्तमध्ये, कैरो शहरात.

लढाई संपली, घोडे राहिले

पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झालं. तेव्हा लष्कराचं पुष्कळसं काम घोडे आणि खेचरं करत. तोफा ओढायच्या त्यांनी, दाणागोटा वाहायचा त्यांनी आणि शत्रूवर चाल करून जायचं तेही त्यांनीच. पॅलेस्टाईनच्या मोहिमेत तर आपले भारतीय घोडेस्वारही होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी हैफा शहर जिंकलं. दिल्लीतलं 'तीन मूर्ती' स्मारक जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडेस्वारांची आठवण म्हणून उभं आहे.

युद्ध संपलं. सैनिक जहाजात बसून आपापल्या घरी गेले. आणि घोडे? हजारो घोड्यांना परत न्यायचं म्हणजे केवढा खर्च! म्हणून ब्रिटिश लष्करानं आपले पुष्कळ घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. काल तोफा ओढणारे घोडे आता दगड, माती आणि भाजीपाला ओढू लागले.

यानंतर बारा वर्षं गेली. १९३० साली एक ब्रिटिश लष्करी अधिकारी कैरोत नेमणुकीवर आला. त्याच्याबरोबर त्याची पत्नी होती. तिचं नाव डोरोथी ब्रुक. डोरोथीबाईंना घोड्यांची फार आवड. कैरोच्या रस्त्यांवर गाड्यांना जुंपलेले हाडाडलेले घोडे बघून त्यांना राहवेना. काही घोड्यांच्या अंगावर त्यांना डाग देऊन उमटवलेली बाणाची खूण दिसली. ही तर ब्रिटिश लष्कराची खूण! म्हणजे हे लढाईतले घोडे होते. कुणाचं वय वीस वर्षं, कुणाचं त्याहून जास्त. घोडा साधारण पंचवीस-तीस वर्षं जगतो. तेव्हा हे सगळे आजोबाच म्हणायचे. पण या आजोबांना निवृत्ती नव्हती आणि पेन्शनही नव्हती.

एका पत्राची ताकद

डोरोथीबाईंकडे त्या वेळी ना संस्था होती, ना पैसा. त्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी पत्र लिहिलं.

इंग्लंडमधल्या 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्रात एप्रिल १९३१ मध्ये ते छापून आलं. आपल्या देशासाठी लढलेले घोडे परक्या मुलुखात कसे दिवस काढताहेत, कितीतरी आंधळे झालेत, कितीतरी नुसते सांगाडे उरलेत, ते त्यांनी लिहिलं आणि मदत मागितली.

वाचकांनी ते पत्र वाचून बाजूला ठेवलं नाही. ज्याला जमेल तसे पैसे येऊ लागले. त्या पैशांतून डोरोथीबाईंनी घोडे विकत घ्यायला सुरुवात केली. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी किती घोडे सोडवले असतील? तब्बल पाच हजार!

आता तुम्हांला वाटेल, हे पाच हजार घोडे हिरव्यागार कुरणात मजेत राहिले असतील. तसं झालं नाही. त्यातले बहुतेक घोडे इतके म्हातारे आणि आजारी होते, की बरं होण्याची आशाच नव्हती. उभं राहणंसुद्धा त्यांना जड जात होतं. डोरोथीबाईंनी त्यांना मऊ अंथरूण दिलं, पोटभर चारा-पाणी दिलं, काही दिवस विश्रांती दिली. आणि मग डॉक्टरांच्या हातून, वेदना न होता, त्यांना कायमचं झोपवलं.

वाचताना चर्र होतं ना? त्यांनाही होत असणार. पण दुसरा मार्ग काय होता? जगवायचं म्हणजे रोजच्या वेदनांत जगवायचं. आणि सोडून द्यायचं, तर पुन्हा गाडीला जुंपलं जाणार. कधी कधी भूतदया म्हणजे नुसतं गोंजारणं नसतं. मन घट्ट करून कठीण निर्णय घेणं हीसुद्धा भूतदयाच. जनावरांच्या डॉक्टरांवर आजही असे प्रसंग येतात.

मालक दुष्ट होता का?

या कामात एक मोठा प्रश्न होता. घोड्यांचे हे हाल कुणी केले? मालकांनी? मग मालक दुष्ट होते का?

नीट बघितलं, तर मालकही घोड्याइतकाच खंगलेला होता. दिवसभर गाडी चालली तर रात्री घरात भाकरी. घोडा आजारी म्हणून चार दिवस घरी ठेवला, तर चार दिवस चूल पेटणार नाही. डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. जखम दिसते, कळते, पण करणार काय? अशा माणसाचा घोडा नुसता हिसकावून घेतला, तर तो उद्या दुसरा अशक्त घोडा आणणार आणि त्यालाही असाच वापरणार.

म्हणजे लढाईतले सगळे घोडे सोडवून झाले, तरी प्रश्न संपणार नव्हता. तो संपवायचा, तर काम करणाऱ्या जनावराला वेळेवर औषध मिळायला हवं आणि तेही मालकाला परवडेल असं. म्हणून १९३४ साली डोरोथीबाईंनी कैरोत एक दवाखाना उघडला. तिथे काम करणाऱ्या घोड्यांवर आणि गाढवांवर फुकट उपचार होऊ लागले. आज 'ब्रुक' या नावानं ही संस्था अनेक देशांत काम करते. डोरोथीबाई १९५५ साली कैरोतच वारल्या.

जनावराला वाचवायचं, तर त्याचा लगाम ज्याच्या हातात आहे त्यालाही हात द्यायला हवा. पुढे या क्षेत्रात जे मोठं काम झालं, ते याच वाटेनं झालं.

न बोलणारा पेशंट

माणसाचा डॉक्टर विचारतो, "कुठे दुखतंय?" घोड्याच्या डॉक्टरला असं विचारून कसं चालेल? त्याला बघावं लागतं. कान कसे आहेत? डोळे निस्तेज झालेत का? एका पायावरचा भार टाळतोय का? मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती पटकन सपाट झाली नाही, तर अंगातलं पाणी कमी झालंय असा संशय येतो. घोड्याला साध्या दिवशीसुद्धा वीस-तीस लिटर पाणी लागतं. उन्हात काम असेल, तर त्याहूनही जास्त.

घोड्याला ओकारी करता येत नाही, हे ठाऊक आहे का? त्यामुळे वाईट चारा पोटात गेला, की तो बाहेर टाकायची सोयच नाही. पोटशूळ उठतो आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जातो.

गाढवाचा पेशंट तर आणखी अवघड. कारण ते दुखणं दाखवतच नाही. त्याचे पूर्वज आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ मुलुखातले. तिथे जो लंगडताना दिसला, त्याला शिकारी जनावरानं हेरलंच म्हणून समजा! म्हणून दुखलं तरी गप्प उभं राहायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. पाहणाऱ्याला वाटतं, ठीक आहे. पण आतून ते फार आजारी असू शकतं.

आणि त्याचा तो प्रसिद्ध हट्टीपणा? घोडा घाबरला की उधळतो. गाढव घाबरलं की जागच्या जागी थांबतं आणि पुढे धोका आहे का ते बघतं. आपण त्याला हट्ट म्हणतो. खरं तर तो विचार करत असतो!

जखमांचं म्हणाल, तर बऱ्याच जखमा अगदी साध्या चुकांनी होतात. पाठीवरचं खोगीर किंवा गोणी नीट बसली नाही, की ती एकाच जागी घासते. कातडी सोलते, माश्या बसतात आणि त्याच जागेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओझं येतं. खाली जुन्या स्वच्छ कापडाची जाड गादी घातली, तर ही जखम टळते. खूर आपल्या नखांसारखे सतत वाढतात. ते वेळेवर तासले नाहीत किंवा नाल वाकडी बसली, तर प्रत्येक पावलाला कळ येते. म्हणून या संस्था जनावरावर उपचार करतात, तसं मालकांना आणि नालबंदांनाही शिकवतात.

मृत्युपत्रात २०४ गाढवं

आता इंग्लंडमधल्या एका बाईंची गोष्ट. एलिझाबेथ स्वेंडसन यांनी आधी शिक्षिकेचं काम केलं होतं. पुढे त्या नवऱ्याबरोबर हॉटेल चालवू लागल्या. १९६९ साली त्यांनी हौसेनं एक गाढवीण घेतली. गाढवाला एकट्यानं करमत नाही, म्हणून तिला सोबत शोधायला त्या एक्सेटरच्या बाजारात गेल्या. तिथे एका लहानशा कोंडवाड्यात सात गाढवं दाटीवाटीनं कोंबलेली दिसली. ती अवस्था त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. मग घरी एक एक करत गाढवं येऊ लागली. १९७३ साली त्यांनी रीतसर संस्था नोंदवली, तेव्हा त्यांच्याकडे ३८ गाढवं होती.

आणि पुढच्याच वर्षी एक विलक्षण प्रकार घडला! गाढवं सांभाळणाऱ्या व्हायोलेट फिलपिन नावाच्या एक बाई वारल्या. मृत्युपत्रात लोक घर ठेवतात, दागिने ठेवतात. फिलपिनबाईंनी स्वेंडसनबाईंसाठी ठेवली होती गाढवं. किती? २०४! दुसरं कुणी असतं तर हात जोडले असते. स्वेंडसनबाईंनी ती सगळी सांभाळायला घेतली. त्यांची 'डाँकी सँक्च्युअरी' ही संस्था आज गाढवांसाठी काम करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक मानली जाते. २०११ साली स्वेंडसनबाईंचं निधन झालं.

या संस्थेत एक नियम कटाक्षानं पाळतात. ज्या दोन गाढवांची मैत्री आहे, त्यांची ताटातूट करायची नाही. गाढवांची मैत्री फार घट्ट असते. जोडीदार गेला, तर मागे राहिलेलं गाढव अन्न सोडतं. आणि खाणं सुटलं, की त्याच्या रक्तात चरबी वाढून ते दगावूही शकतं. म्हणून एखादं गाढव मेलं, की त्याच्या सोबत्याला काही वेळ त्याच्याजवळ थांबू देतात. तो हुंगतो, उभा राहतो आणि मग आपणहून दूर होतो.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा मोठा बाजार भरतो. कुंभार, बेलदार, कैकाडी, वडार, वैदू, परीट अशा समाजांतली माणसं लांबलांबून येतात. गाढवाचे दात बघून वय ठरतं आणि त्यावरून भाव. दोन दातांचं ते दुवान, चार दातांचं ते चौवान. काठेवाडी गाढवांना भाव जास्त. या माणसांच्या संसाराचा भार पिढ्यान्‌पिढ्या गाढवाच्या पाठीवर होता.

आता गाढवं झपाट्यानं कमी होताहेत. २०१२ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती. २०१९ मध्ये ती सुमारे १ लाख २० हजारच उरली. टेम्पो आणि ट्रॅक्टर आले, गाढवाचं काम गेलं. शिवाय जगात गाढवाच्या कातड्याचा मोठा व्यापार चालतो. ते उकळून चीनमध्ये एक औषध बनवतात. त्यापायी आफ्रिकेत इतकी गाढवं मारली गेली, की फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी देशांच्या संघटनेनं कातड्यासाठी गाढवं मारण्यावर बंदी घालायचं ठरवलं. गाढव गेलं, तर गरिबाघरचं पाणी आणि लाकूडफाटा कोण वाहणार? बहुतेक वेळा घरातली बाई नाहीतर मुलगी. मग शाळा सुटते ती तिची!

डोरोथीबाईंच्या 'ब्रुक' संस्थेनं भारतात १९९२ साली काम सुरू केलं. टांग्यांचे अड्डे आणि वीटभट्ट्या ही त्यांच्या कामाची मुख्य ठिकाणं. वीटभट्टीवर घोडे, खेचरं आणि गाढवं कच्च्या विटा वाहतात आणि हंगाम चालतो ऐन उन्हाळ्यात. उत्तर प्रदेशातल्या गावांत जनावरांच्या मालकांनी 'अश्व कल्याण समूह' म्हणून गट केले आहेत. काही गट तर फक्त बायकांचे आहेत. दर महिन्याला थोडे थोडे पैसे साठवायचे आणि त्यातून दाणा, औषध, धनुर्वाताची लस एकत्र घ्यायची. एकमेकांच्या दारी जाऊन जनावरं तपासायची आणि कुणाच्या घोड्याला जखम दिसली तर तिथल्या तिथे विचारायचं. बाहेरच्या माणसानं रागावण्यापेक्षा शेजारणीनं विचारलेलं जास्त लागू पडतं, हो ना?

आपल्या सांगली भागात २००३ पासून 'ॲनिमल राहत' ही संस्था काम करते. बैल, घोडे, गाढवं यांच्यावर ती मोफत उपचार करते. काही वीटभट्ट्यांवर गाढवांच्या जागी ट्रॅक्टर आणायला तिनं मालकांना मदत केली. मालकाचा धंदा चालू राहिला आणि गाढवाच्या पाठीवरचं ओझं उतरलं. थकलेली जनावरं संस्थेच्या जागेत निवांत राहतात.

कायदा काय सांगतो?

ओझ्याच्या जनावरांसाठी आपल्या देशात १९६५ सालचे नियम आहेत. पालकांनीही ते जरूर वाचावेत.

• गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझं नको. तट्टावर ७० किलो, खेचरावर २०० किलो ही मर्यादा.

• दिवसातून नऊ तासांपेक्षा जास्त काम नको आणि विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त नको.

• पारा ३७ अंशांच्या वर असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळात काम नको.

सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं असतं. आता रस्त्यानं जाणाऱ्या गाढवाकडे बघून तुम्हीच हिशेब करा!

तुम्ही काय करू शकाल?

• सहलीला गेलात आणि घोड्यावर बसायचं असेल, तर आधी घोडा नीट बघा. लंगडतोय का? खोगिराखाली जखम आहे का? असेल, तर त्या घोड्यावर बसू नका आणि का बसत नाही ते मालकाला शांतपणे सांगा. अरेरावी नको. "काका, याच्या पाठीला जखम झाली आहे, औषध लावलंत का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

• गाढवाच्या शेपटीला डबा बांधणं, त्याला दगड मारणं हे खेळ नव्हेत. कुणी करत असेल, तर थांबवा.

• जखमी जनावर दिसलं, तर एकटे जवळ जाऊ नका. दुखावलेलं जनावर घाबरून लाथ मारू शकतं. मोठ्या माणसाला बोलवा. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर फोन केला, तर डॉक्टरांची मदत मागता येते.

• कुंभारवाडा किंवा टांग्याचा अड्डा जवळ असेल, तर आईबाबांबरोबर तिथे जा. जनावराला काय खायला देता, आजारी पडलं तर कुठे नेता, हे मालकाला विचारा. त्याला जे ठाऊक आहे ते पुस्तकात सापडणार नाही. आणि त्याची अडचण काय आहे तेही कळेल.

• उन्हाळ्यात फाटकाबाहेर पाण्याची बादली भरून ठेवा. जवळच्या झाडाखाली ठेवलीत तर आणखी छान. बादली रोज धुवा आणि रोज ताजं पाणी भरा. ही जबाबदारी घरात एकाच्या नावावर असू द्या, म्हणजे कुणी विसरणार नाही!